टाकीपासून चार पावलांवर

कोलमन हिल, मँडेव्हिल
रविवार

प्रिय ग्लेनरॉय,

घराचा अहवाल याच पाकिटात आहे. सहा पानं, टाइप केलेली, प्रत्येक पानाखाली माझी सही. तुझ्या वकिलाला तेवढं पुरेल. हे पत्र मात्र त्याला देऊ नकोस. तुझ्या बायकोला, पॉलेटला, दाखवायचं की नाही, ते वाचून झाल्यावर तू ठरव. पंधरा तारखेला तुला करारावर सही तरी करायची आहे किंवा मिस झेल्मांना नकार तरी कळवायचा आहे, म्हणून आज चर्चमधून आले ती तशीच, टोपीही न काढता, टेबलाशी बसले आहे. थकले आहे रे. या आठवड्यात तीन छपरांवर चढले. गुडघा आता शिडी बघितली की आधीच कुरकुरायला लागतो.

एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे. लंडन, टोरांटो, न्यूयॉर्कला आयुष्य घालवलेली आपली माणसं म्हातारपणाला डोंगरावर घर घ्यायचं म्हणतात, फोटो बघून भुलतात, आणि मग कुणीतरी त्यांना सांगतं की पैसे भरायच्या आधी व्हिनेटला पाठवा. मी जाते. जमिनीचं टायटल बघते, हद्दीच्या खुंट्या बघते, वाळवी बघते, छप्पर बघते, पावसाच्या पाण्याची टाकी बघते. विकणाऱ्यांना मी आवडत नाही. मागे एका पठ्ठ्याने फाटकातच मोठ्याने म्हटलं, "आली बघा व्हिनेट, आता चांगल्या घराला ताप येणार." मी म्हटलं, "ताप असेल तरच थर्मामीटरला भितात, साहेब." हसले सगळे. पूर्वी अशा उत्तरांची मला गंमत वाटायची. आता वाटतं, घरी जावं, पाय गरम पाण्यात सोडून बसावं आणि कुणाचं काही तपासू नये.

तू फोन केलास तेव्हा आवाज ओळखायला मला वेळ लागला असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. पहिल्या शब्दाला ओळखला. गप्प राहिले, कारण तू इतक्या वर्षांनी "व्हिनेट, एक घर बघून देशील?" एवढंच म्हणालास, जणू मधल्या तेवीस वर्षांत आपण रोज बाजारात भेटत होतो. मग म्हणालास, मिस झेल्मांचं घर विकायला निघालंय, मला तेच हवंय, त्या टाकीसाठी. आणि अगदी शेवटी, घाईत, "पॉलेट म्हणते स्वयंपाकघर फार अंधारं आहे. मागचं ते नीरफणसाचं झाड आम्ही यायच्या आधी तोडून टाकायला सांग ना त्यांना." मी बरं म्हटलं. तू विचारलंस, तुला एक मुलगी आहे म्हणे, केवढी आहे? मी म्हटलं, मोठी आहे. तूही पुढे विचारलं नाहीस. माझ्या धंद्यात असं झालं तर मी लगेच वहीत खूण करते. माणूस ज्या खोलीचं दार उघडत नाही, तिथेच ओल असते.

आधी सगळं बरं आहे ते सांगते, कारण घर खरंच बरं आहे. मी किंग्स्टनला जाऊन टायटल बघून आले. मिस झेल्मा आणि त्यांचे यजमान मास रूपर्ट, दोघांच्या नावावर आहे. मास रूपर्ट जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांचं नाव अजून तसंच. मिस झेल्मांना विचारलं, तर म्हणाल्या, "मी कशाला काढू? तो काय घर सोडून गेला, फक्त मेला." ते नाव आधी कमी करून घ्यावं लागेल. तुझा वकील करेल, महिना-दीड महिना लागेल. त्याच्याशिवाय एक पैसाही देऊ नकोस. कर भरलेला आहे, पावत्या बिस्किटाच्या डब्यात क्रमाने लावलेल्या आहेत. घरावर कर्ज नाही, कुणाची हरकत नाही, आवारात कबर नाही. मास रूपर्ट चर्चमागे आहेत.

मोजणीवाल्याला घेऊन चारही खुंट्या शोधल्या. तीन सापडल्या. चौथी, वरच्या अंगाची, मास लेनींच्या कुंपणाच्या आत निघाली, त्यांच्या बाजूला दीड हात. तुला मास लेनी आठवतात ना, आपल्याला पेरूच्या झाडावरून खाली उतरवून कान पिळणारे? आता पाठीत वाकलेत, पण जीभ सरळ आहे. मी खुंटी दाखवली तर म्हणाले, "पोरी, कुंपण जिथल्या तिथे आहे. डोंगर सरकलाय." मी म्हटलं, "डोंगराला नोटीस पाठवू की तुम्हाला?" तर म्हणाले, "डोंगराला पाठव, त्याला वाचता येत नाही, माझ्यासारखंच." तेव्हा ते दीड हात तू त्यांच्या हयातीत विसर. कागदावर लिहून मात्र घे, म्हणजे त्यांचा मुलगा उद्या तीन हात करणार नाही.

छपराचा पुढचा भाग नवा आहे, पत्रे स्क्रूने बसवलेत, वादळात छप्पर धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या प्रत्येक वाशाला आहेत. मागचा भाग जुना. स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीवर एकही पट्टी नाही, नुसते खिळे. पावसाळ्याआधी ते करून घे. मागच्या खोलीच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली आहे. वरून रंग छान, पण पेचकस टेकवला तर पिकलेल्या केळ्यात जावा तसा आत गेला. मला हे आधीच ठाऊक होतं. त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले आहे, तू गेल्यानंतर. आईशी पटेनासं झालं म्हणून. चौकटीला खालच्या बाजूला एका लहान मुलीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा होत्या. त्या वाळवीने खाल्ल्या की रंगाखाली गेल्या, ते कळलं नाही. मी वाकून बराच वेळ बघत होते. मिस झेल्मा मागून म्हणाल्या, "चौकट तपासतेस की प्रार्थना करतेस?"

मिस झेल्मा चौऱ्याऐंशीच्या झाल्या. मुलगी त्यांना टोरांटोला नेते आहे. सगळं गाव सांगतं, किती नशीबवान. त्या मात्र एकेक भांडं पुसून कुणाला तरी देऊन टाकतात, आणि दिलेल्या भांड्याची दुसऱ्या दिवशी चौकशी करतात. अजूनही नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न तोच, "तुझी नाळ कुठे पुरली गं?" आणि उत्तर देता आलं नाही की तोच शेरा, "म्हणजे वाऱ्यावरचं बी." मोजणीवाल्या तरुणालाही सोडलं नाही. तो बिचारा किंग्स्टनच्या हॉस्पिटलात जन्मलेला, काय सांगणार. त्याला त्यांनी पुदिन्याचा चहा आणि तळलेले डंपलिंग देऊन वाऱ्यावर असल्याबद्दल भरपाई केली.

आता टाकी. ज्या टाकीसाठी तुला हे घर हवं आहे ती.

तुला वाटतं तशी ती आहे, जमिनीत अर्धी, वर अर्धी, मास रूपर्टनी स्वतःच्या हाताने ओतलेली. त्या दुष्काळात सगळा डोंगर तिथे रांगेत उभा असायचा. मिस झेल्मा दोर हातात धरून, "माणशी दोन बादल्या, आणि भांडाल तर एकही नाही." तू तुझ्या दोन भरून झाल्यावर माझी एक उचलायचास आणि घरापर्यंत निम्मी सांडायचास. आई म्हणायची, हा मुलगा पाणी आणतो की शेताला देतो? मला त्या सांडलेल्या पाण्याची वाट अजून दिसते. लाल मातीवर काळे ठिपके, एका ओळीत, फाटकापर्यंत.

मी गेले त्या शनिवारी टाकी काठोकाठ भरलेली होती. मिस झेल्मांच्या पुतण्याने आदल्या दिवशी टँकर मागवून भरून ठेवली होती, बघायला येणारी बाई खूश व्हावी म्हणून. हे सगळेच करतात. म्हणून मी भरलेली टाकी कधी बघतच नाही. पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला खडूने रेघ मारते, झाकण लावते, झाकणावर कागद चिकटवून सही करते आणि सांगते, तीन दिवस यातलं पाणी वापरू नका. मंगळवारी सकाळी झाकण उघडलं. पाणी रेघेच्या खाली एक वीत आणि दोन बोटं उतरलेलं. पुतण्या म्हणाला, "उन्हाने आटलं असेल." झाकण लावलेल्या टाकीत ऊन कुठून शिरलं म्हणून मी त्यालाच विचारलं, तर तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

मग पंप लावून टाकी रिकामी केली आणि मी शिडीने आत उतरले. हे काम मी कुणाला सांगत नाही, स्वतः करते. आत गार होतं, आणि प्रत्येक श्वासाचा आवाज मोठा होऊन परत येत होता. विजेरीचा झोत मागच्या भिंतीवर टाकला आणि थांबले. कोपऱ्यापासून मधोमधपर्यंत तडा, आणि तड्यातून आत आलेली मुळं. जाड नव्हेत. बारीक, मऊ, ओली, नुकतीच न्हालेल्या मुलीचे केस पाठीवर सोडावेत तशी भिंतीवरून खाली सुटलेली. मी त्यांना हात लावला. एकोणीस वर्षांत शेकडो टाक्यांत उतरले असेन, मुळं बघितली की मनात आकडा येतो, इतके दिवस, इतकं सिमेंट. त्या दिवशी आकडा आला नाही.

वर आले तर मिस झेल्मा काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. "मुळं?" मी मान हलवली. "नीरफणसाची?" परत मान हलवली. म्हणाल्या, "तुला तेव्हाच म्हटलं होतं, टाकीला एवढं चिकटून लावू नकोस." खोटं बोलत होत्या. तिथे लावायला त्यांनीच सांगितलं होतं. पाऊस सात महिने नव्हता, साऱ्या आवारात टाकीमागेच काय ती ओल होती, दुसरीकडे रोप जगलंच नसतं. टाक्यांच्या डोंगरावर जन्मलेल्या आम्ही दोघी बायका, शेंबडं पोरही सांगेल की नीरफणस टाकीपासून तीस पावलं लांब लावतात. आम्ही लावला चार पावलांवर. रोप माझ्या कोपराएवढं होतं, आणि त्या वेळी मला पुढच्या आठवड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग, मॅडम, काय लिहिणार आता?" मी म्हटलं, "जे आहे ते." त्या झाडाकडे वळल्या. "मुळं आपल्याच घरी पाणी प्यायला आली," म्हणाल्या, "त्यांना चोर म्हणू नकोस म्हणजे झालं."

अहवालात शेवटचा रकाना असतो, "काय करावे". टाकीपुढे तो पाच दिवस रिकामा होता. दुसरं कुठलंही झाड असतं तर एका ओळीत लिहिलं असतं, झाड तोडा, बुंधा खणून काढा, टाकी आतून सिमेंटने लिंपून घ्या. तीन आठवड्यांचं काम, आणि पॉलेटला उजेडही मिळतो. कुणीही हेच सांगेल. मी काल रात्री तो भरला. हा एक उपाय म्हणून लिहिला आहे, आणि दुसरा असा की पूर्वेला नवी टाकी बांधा, छपराच्या पन्हळी तिकडे वळवा, जुनी कोरडी सोडून द्या. दुसरा उपाय पहिल्याच्या तिप्पट खर्चाचा आहे. मास रूपर्टची टाकी पहिल्या उपायाने वाचते, दुसऱ्याने जाते. तुला तीच टाकी हवी आहे हे मला माहीत आहे. मी खोटं लिहिलेलं नाही आणि काही लपवलेलंही नाही. फक्त अहवालाच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे, जी तुझ्या वकिलाला कळणार नाही आणि तो तुला फोन करून विचारेल. "जमीन विक्रेतीची, झाड विक्रेतीचे नाही." तो म्हणेल असं कुठे असतं. तू इथला आहेस. तुला ठाऊक आहे असं असतं.

तू सप्टेंबरात परदेशी गेलास. मला ऑक्टोबरात कळलं. तुझी तीन पत्रं आली. पहिल्यात थंडी होती, दुसऱ्यात बसच्या नोकरीची परीक्षा, तिसऱ्यात पॉलेटचं नाव चार वेळा. मी मोजलं होतं. माझं उत्तर लिहून तयार होतं, तिकीटही लावलं होतं. टाकलं नाही. रागाने नाही, ग्लेनरॉय. टाकलं असतं तर तू परत आला असतास, तू तसाच आहेस, आणि मग तू माझ्यासाठी आलास की पोटातल्या बाळासाठी, ते मला जन्मभर कळलं नसतं. मी तेवीस वर्षांची होते, अशा गोष्टी फार महत्त्वाच्या वाटायच्या. आज वाटतं, कशासाठी का होईना, आला असतास. पण आज वाटून काय. मुलगी एप्रिलच्या नऊ तारखेला झाली. सातव्या दिवशी नाळ गळून पडली. आईने दारात उभं राहून सांगितलं, "बापाचं नाव सांगितल्याशिवाय माझ्या जमिनीत नाळ पुरायची नाही." मी सांगितलं नाही. रुमालात गुंडाळलेली नाळ आणि शालीत गुंडाळलेली मुलगी घेऊन मी निघाले. मिस झेल्मांनी फाटकातून बघितलं आणि काहीही न विचारता खुरपं आणलं. नाळ पुरून तिच्यावर नीरफणसाचं रोप लावून झाल्यावर बाळाच्या कपाळाला ओली माती लावून म्हणाल्या, "जमीन माझी, पण हे झाड हिचं. हिला कुणी वाऱ्यावरचं बी म्हणायचं नाही." मग माझ्याकडे न बघता, "आणि पाणी सांडत नेणारा तो कुठे असतो हल्ली?" त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. अहवालात एका ओळीत मावेना ते इथे लिहिलं. मला तुझ्याकडून काही नको, घर घे किंवा घेऊ नकोस, घर चांगलं आहे. पण ते झाड तोडायची परवानगी मिस झेल्मा देऊ शकत नाहीत, मीही देऊ शकत नाही. काल जोनेल घरी आली होती. स्पॅनिश टाउनला बालवाडीत शिकवते, तुझ्यासारखीच पुढच्या दोन दातांत फट, आणि पाण्याचा ग्लास आणायला सांगितला तर खोलीभर सांडत येते. तिला मी सगळं सांगितलं, आधी तुझं नाव, मग टाकीचं.  निखाऱ्यावर त्याच झाडाचा नीरफणस भाजत होता, तो तिने उलटवला, काळं साल सोललं, माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला. मग म्हणाली, "त्यांना सांग मम्मी, झाड माझं आहे. तोडायचं असेल तर मला विचारावं लागेल. तुला नाही, वकिलाला नाही. मला." तिचा नंबर तिने स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे, अहवालाच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावला आहे. ती संध्याकाळी पाचनंतर घरी असते. पंधरा तारखेच्या आत विचार.

तुझीच, निदान हे पत्र संपेपर्यंत तरी,
व्हिनेट